न दुखणारा, न खाजणारा चट्टा अंगावर आहे? कुष्ठरोग लवकर कसा ओळखायचा, तपासणी कुठे करायची

अंगावर एखादा फिकट डाग उठतो. तो दुखत नाही, खाजत नाही, त्यातून पाणीही येत नाही. धान रोवणी, कापूस वेचणी, मजुरी अशी सगळी कामे नेहमीसारखी चालू राहतात. मग घरात कुणी त्या डागाकडे फारसे लक्ष देत नाही. "उन्हानं झालं असेल", "रक्त खराब झालं असेल", "जाईल आपोआप" असे म्हणत वर्ष-दोन वर्षे निघून जातात.

कुष्ठरोगात नेमके इथेच चुकते. ताप आला, पोट दुखले, विंचू चावला तर माणूस लगेच दवाखाना गाठतो. कुष्ठरोग मात्र सुरुवातीला काहीच त्रास देत नाही. त्रास न होणे हेच त्याचे लक्षण आहे, आणि म्हणूनच त्याचे निदान उशिरा होते. वेळेत ओळखला तर हा रोग 6 किंवा 12 महिन्यांच्या मोफत गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर रोग बरा होतो, पण वाकडी झालेली बोटे, लुळे पडलेले पाऊल किंवा न मिटणारा डोळा गोळ्यांनी पूर्ववत होईलच असे नाही. त्यामुळे डाग कसा ओळखायचा, घरी काय पाहायचे आणि दवाखान्यात काय तपासतात, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवे.

हा रोग संपला नव्हता का?

बऱ्याच जणांना वाटते की महारोग, म्हणजेच रक्तपिती, आता राहिलेला नाही. या समजामागे एक कारण आहे. 2005 च्या अखेरीस देशात दर 10 हजार लोकांमागे रुग्णांचे प्रमाण 1 पेक्षा कमी झाले आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे जाहीर झाले. पण दूरीकरण म्हणजे रोग नाहीसा होणे नव्हे. आजही भारतात दरवर्षी सुमारे 1 लाख नवे रुग्ण सापडतात. जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपल्या देशात आहेत. महाराष्ट्रात चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, पालघर, नंदुरबार अशा जिल्ह्यांत रुग्ण तुलनेने जास्त आढळतात.

नवा रुग्ण सापडला म्हणजे गावाची बदनामी झाली असे नाही. रुग्ण आधीपासून गावात होताच, तो आता उपचाराखाली आला एवढाच त्याचा अर्थ. गावात एकही रुग्ण सापडत नसेल तर दोन शक्यता असतात. एक तर रोग खरेच नाही, किंवा कुणी नीट तपासलेलेच नाही.

रोग कशामुळे होतो, कसा पसरतो

कुष्ठरोग जंतूमुळे होतो. नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांनी 1873 मध्ये हा जंतू शोधला. पाप, शाप, करणी, रक्तातला दोष यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. तो आनुवंशिक नाही, म्हणजे आईबापाकडून जन्मतः मुलांना येत नाही.

उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या शिंकण्या-खोकण्यातून उडणाऱ्या तुषारांवाटे जंतू पसरतो. त्यासाठी बराच काळ जवळचा सहवास लागतो. हात मिळवल्याने, एका बाकावर बसल्याने किंवा सोबत जेवल्याने हा रोग होत नाही. शिवाय सुमारे 95 टक्के लोकांच्या शरीरात या जंतूला रोखण्याची ताकद मुळातच असते.

हा जंतू फार संथ वाढतो. एकाचे दोन व्हायला त्याला जवळपास दोन आठवडे लागतात. त्यामुळे जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी 5 वर्षे जातात. काहींना वर्षभरातच चट्टा दिसतो, तर काहींना 20 वर्षांनीही. म्हणून "आपल्या घरात तर कुणालाच नव्हता, मग याला कुठून आला?" या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा सापडत नाही. ते शोधत बसण्यापेक्षा तपासणी करून घेणे महत्त्वाचे.

जंतूला त्वचा आणि हातापायांच्या नसा, म्हणजे मज्जातंतू, जास्त आवडतात. या नसांमधूनच आपल्याला स्पर्श, ऊन-गार, वेदना कळते आणि स्नायूंना हालचालीचा हुकूम मिळतो. नस खराब झाली की आधी संवेदना जाते, मग ताकद जाते.

त्वचेवर काय दिसते

पुढीलपैकी एकही खूण दिसली तर तपासणी करून घ्यावी.

- आजूबाजूच्या त्वचेपेक्षा फिकट, लालसर किंवा तांबूस रंगाचा चट्टा. तो सपाट असू शकतो किंवा कडेने उंचावलेला.
- चट्टा न खाजणारा, न दुखणारा. त्यावर स्पर्श कमी कळतो किंवा कळतच नाही.
- चट्ट्यावरचे केस विरळ झालेले. शेतात काम करताना सारे अंग घामाने भिजते, पण तेवढीच जागा कोरडी राहते.
- चेहऱ्याची किंवा अंगाची त्वचा जाड, तेलकट, चकाकणारी होणे.
- कानाच्या पाळ्या जाड होणे, कानावर, चेहऱ्यावर किंवा अंगावर गाठी येणे.
- भुवयांचे केस विरळ होणे, विशेषतः बाहेरच्या बाजूने.

शेवटच्या तीन खुणा फसव्या असतात. तेलकट, चकाकणाऱ्या त्वचेला लोक आजार मानत नाहीत. "अंगावर तेज आलंय", "तब्येत सुधारली" असेही म्हणतात. या प्रकारात सुरुवातीला बधिरपणा नसतो, त्यामुळे "मला तर सगळं कळतं" असे म्हणून रुग्ण घरीच राहतो. पण याच प्रकारात शरीरात जंतूंची संख्या सर्वांत जास्त असते आणि रोग पसरण्याची शक्यताही जास्त असते.

चेहऱ्यावरच्या चट्ट्याबाबतही एक गोष्ट लक्षात ठेवावी. चेहऱ्याला नसांचे जाळे दाट असते. त्यामुळे तिथला चट्टा कुष्ठरोगाचा असला तरी स्पर्श कळू शकतो. अशा डागाचा निर्णय घरी करू नये.

चट्टा नसला तरी रोग असू शकतो

काही रुग्णांच्या अंगावर एकही डाग नसतो, फक्त नसांना इजा झालेली असते. अशा वेळी रोजच्या कामातल्या बारीक गोष्टी खूप काही सांगून जातात.

भाकरी भाजताना हात पोळला, पण फोड आल्यावरच समजले. बिडी बोटापर्यंत जळत आली तरी चटका बसला नाही. पायातली चप्पल निसटली आणि दहा पावले पुढे गेल्यावर लक्षात आले. पायात काटा मोडला, पण रक्त दिसल्यावरच कळले. तळपायाला जखम आहे, ती दुखत नाही आणि बरीही होत नाही. शर्टाची बटणे लावताना, सुईत दोरा ओवताना, भात कालवून घास घेताना बोटे साथ देत नाहीत. हातापायांना सारख्या मुंग्या येतात. चालताना पाऊल खाली घासते. झोपेत एक डोळा अर्धवट उघडा राहतो.

यातल्या काही गोष्टी मधुमेहात, म्हणजे शुगरच्या आजारात किंवा मणक्याच्या त्रासातही होतात. पण कारण काहीही असले तरी हातापायाचा बधिरपणा दवाखान्यात दाखवायलाच हवा. "वय झालं" म्हणून सोडून देऊ नये.

प्रत्येक पांढरा डाग कुष्ठरोग नसतो

डाग दिसला की घाबरून जायचे कारण नाही. गावात दिसणारे बहुतेक डाग दुसऱ्याच कारणांचे असतात.

शिबं: मानेवर, छातीवर, पाठीवर बारीक बारीक फिकट ठिपके येतात. खरवडले की कोंड्यासारखा भुगा निघतो. घामाने, दमट हवेत वाढतात. स्पर्श पूर्ण कळतो.

गजकर्ण, नायटा: गोल, कडेने लाल आणि प्रचंड खाज येणारा डाग. खाज येते म्हणजे तिथली संवेदना शाबूत आहे.

कोड: डाग दुधासारखा पांढराशुभ्र असतो. त्यावरचे केसही पांढरे होऊ शकतात. स्पर्श पूर्ण कळतो. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट असतो, पण असा पांढराफटक नसतो. कोड हा संसर्गजन्य रोग नाही आणि त्याचा कुष्ठरोगाशी काही संबंध नाही. दोन्हींची गल्लत होते आणि कोड असलेल्या मुला-मुलींना विनाकारण त्रास सहन करावा लागतो.

लहान मुलांच्या गालावरचे फिकट डाग: बहुतेक वेळा ते कोरड्या त्वचेचे असतात. लोक "पोटात जंत झाले" म्हणतात. तरी एकदा दाखवून घ्यावे, कारण मुलांनाही कुष्ठरोग होतो. मूल रुग्ण निघाले तर घरात किंवा शेजारी कुणीतरी उपचार न घेतलेला मोठा रुग्ण असण्याची शक्यता असते.

जन्मखूण: जन्मापासून आहे, रंग-आकार तसाच आहे आणि स्पर्श कळतो, तर काळजी नसावी.

खूण साधी आहे. खाजतो, भुगा निघतो, स्पर्श कळतो, तर बहुधा दुसरे काही. खाजत नाही, दुखत नाही, स्पर्शही कळत नाही, तर लगेच तपासणी. शंका असेल तरीही तपासणीच.

घरी कसे पाहायचे

वर्षातून एकदा तरी घरातल्या सगळ्यांचे अंग डोक्यापासून पायापर्यंत पाहावे. उजेड दिवसाचा असावा. बल्बच्या पिवळ्या उजेडात फिकट डाग दिसत नाहीत. पाठ, कंबर, मांड्या, ढुंगण, दंडाची मागची बाजू या जागा स्वतःला दिसत नाहीत आणि कपड्याखाली झाकलेल्या असतात. अनेक चट्टे इथेच असतात. बायकांनी बायकांचे, पुरुषांनी पुरुषांचे पाहावे. घरोघरी होणाऱ्या शोध मोहिमेत आशाताईसोबत पुरुष स्वयंसेवक असतो, तो याचसाठी.

संशयित चट्टा दिसला तर आशाताई ज्या पद्धतीने पाहतात ती पद्धत सोपी आहे. एक साधा बॉलपेन लागतो.

"आजी, हे बघा, पेनाचं टोक असं हलकं लावते. कळलं का?"

"कळलं की."

"आता जिथं जिथं लावीन तिथं तुमच्या बोटानं दाखवायचं. आता डोळे मिटा बरं."

आधी डोळे उघडे ठेवून, चांगल्या त्वचेवर पेन टेकवून समजावून सांगायचे. मग डोळे मिटायला लावून कधी चांगल्या त्वचेवर, कधी चट्ट्यावर टोक हलकेच टेकवायचे. पेन ओढायचा नाही, दाबायचा नाही. "आता कळलं का?" असे दर वेळी विचारायचेही नाही, कारण मग माणूस अंदाजाने "हो" म्हणतो. चांगल्या त्वचेवर बरोबर बोट ठेवले आणि चट्ट्यावर टेकवल्यावर ठेवलेच नाही किंवा भलतीकडे ठेवले, तर तो चट्टा बधिर असण्याची शक्यता आहे.

सुई टोचून, चटका देऊन किंवा गरम उलथने लावून कधीही पाहू नये. बधिर जागेवर भाजलेले कळत नाही आणि नवी जखम मात्र होते.

ताकदही पाहता येते. दोन्ही डोळे घट्ट मिटता येतात का, करंगळी बाजूला ताणून धरता येते का, तळहात वर ठेवून अंगठा छताकडे उभा करता येतो का, मनगट वर उचलता येते का, टाच टेकवून पाऊल वर उचलता येते का, हे दोन्ही बाजूंना करून पाहावे. एका बाजूला ताकद कमी वाटली तर लगेच दाखवावे.

ही घरची पाहणी फक्त संशय घेण्यासाठी आहे. "कुष्ठरोग आहे" किंवा "नाही" हे ठरवण्याचे काम डॉक्टरांचे. गावात कुणाच्या अंगावर डाग दिसला म्हणून त्याच्यावर शिक्का मारण्याचा अधिकार कुणालाच नाही.

दवाखान्यात निदान कसे होते

अनेक जण "रक्त तपासून सांगा" म्हणतात. पण नेहमीच्या रक्ततपासणीत कुष्ठरोग कळत नाही. त्यासाठी महागडे स्कॅनही लागत नाही. बहुतेक वेळा डॉक्टर किंवा प्रशिक्षित कुष्ठरोग कर्मचारी हातांनी तपासूनच निदान करतात. तीन मुख्य खुणा पाहिल्या जातात.

1. फिकट किंवा लालसर चट्टा आणि त्यावर नक्की बधिरपणा.
2. जाड झालेली नस आणि त्या नसेच्या भागात बधिरपणा किंवा अशक्तपणा. कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला, घोट्याच्या आतल्या बाजूला आणि मानेवर नसा चाचपून पाहतात.
3. कानाची पाळी किंवा चट्ट्यावरून घेतलेल्या त्वचेच्या द्रवात जंतू दिसणे.

तीनपैकी एक खूण नक्की असली तरी निदान होते. तिसरी तपासणी प्रत्येकाला लागत नाही. क्वचित शंका राहिली तर त्वचेचा बारीक तुकडा तपासायला पाठवतात.

तपासणीसाठी अंगभर पाहावे लागते. लाजून पाठीवरचा किंवा मांडीवरचा डाग लपवला तर चट्ट्यांची मोजणी चुकते. स्त्रियांना महिला कर्मचाऱ्यासमोर आणि आडोशाला तपासणी मागण्याचा हक्क आहे.

किती चट्टे, किती महिने औषध

चट्टे 1 ते 5 असतील आणि एकापेक्षा जास्त नसांना इजा नसेल तर उपचार 6 महिने. चट्टे 5 पेक्षा जास्त असतील, एकापेक्षा जास्त नसा बाधित असतील किंवा त्वचेच्या तपासणीत जंतू दिसले तर उपचार 12 महिने.

या औषधोपचाराला बहुविध औषधोपचार किंवा एमडीटी म्हणतात. रिफाम्पिसिन, क्लोफॅझिमिन आणि डॅप्सोन ही त्यातली तीन औषधे. पूर्वी कमी चट्टे असलेल्यांना दोनच औषधे मिळत. एप्रिल 2025 पासून भारतात त्यांनाही तीन औषधे देण्याचे धोरण लागू झाले. महिन्याचे पाकीट मिळते. महिन्याचा पहिला डोस आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा आणि बाकीच्या गोळ्या रोज घरी घ्यायच्या. सरकारी दवाखान्यात हे सर्व मोफत आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनाही हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते.

औषध सुरू होताच जंतू झपाट्याने मरू लागतात आणि थोड्याच काळात रुग्णापासून इतरांना लागण होण्याचा धोका उरत नाही. त्यामुळे वेगळी खोली, वेगळे ताट, वेगळे अंथरूण यांपैकी कशाचीही गरज नाही. रुग्ण घरातच राहतो, कामावर जातो, मुलांना जवळ घेतो.

मध्येच औषध सोडण्याची कारणे बहुतेक वेळा साधी असतात. लघवी लाल झाली म्हणून माणूस घाबरतो. रिफाम्पिसिनमुळे काही तास लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे. क्लोफॅझिमिनमुळे त्वचा काळसर आणि कोरडी होते. औषध संपल्यावर काही महिन्यांत रंग पूर्ववत होऊ लागतो. मात्र अंगभर पुरळ येऊन कातडी निघू लागली, डोळे पिवळे झाले किंवा खूप थकवा, धाप लागू लागली, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

ऊस तोडणीला, वीटभट्टीवर किंवा दुसऱ्या राज्यात कामाला जायचे असेल तर आधी आरोग्य केंद्रात सांगावे. पुढच्या पाकिटांची किंवा तिकडच्या दवाखान्यात नोंद देण्याची सोय करता येते. 6 महिन्यांचा कोर्स जास्तीत जास्त 9 महिन्यांत आणि 12 महिन्यांचा 18 महिन्यांत पूर्ण व्हायलाच हवा.

कोर्स संपल्यावरही डागाचा रंग किंवा बधिरपणा राहू शकतो. त्याचा अर्थ रोग शिल्लक आहे असा नाही.

अचानक दुखू लागले तर: 6 महिन्यांची मुदत

एरवी न दुखणारा हा रोग कधी कधी एकाएकी भडकतो. जुने चट्टे लालबुंद होऊन सुजतात. कोपर, गुडघा किंवा घोट्याजवळची नस ठणकते. अंगावर दुखऱ्या लाल गाठी येतात, ताप येतो. डोळा लाल होतो, दुखतो. हातापायाची ताकद काही दिवसांतच कमी होते. याला रिॲक्शन म्हणतात. ती उपचारापूर्वी, उपचार चालू असताना आणि कोर्स संपल्यावरही येऊ शकते.

"गोळ्या उलटल्या" असे समजून इथेच अनेक जण औषध बंद करतात. ही मोठी चूक. एमडीटी चालूच ठेवायची आणि लगेच डॉक्टरांकडे जायचे. सूज कमी करणारे प्रेडनिसोलोन हे औषध डॉक्टर ठरावीक प्रमाणात देतात. नसेची इजा 6 महिन्यांच्या आतली असेल तर या औषधाने गेलेली संवेदना आणि ताकद परत येण्याची चांगली शक्यता असते. त्यापुढे ती शक्यता कमी होत जाते. दिवाळीत बोटाची ताकद कमी झाली आणि पुढच्या पोळ्याला दवाखाना गाठला, तर मुदत टळलेली असते.

घरातल्या इतरांचे काय

एका घरात रुग्ण निघाला की घरातल्या सर्वांची आणि जवळच्या शेजाऱ्यांची तपासणी होते. ज्यांना रोग नाही त्यांना प्रतिबंध म्हणून रिफाम्पिसिनचा एकच डोस दिला जातो. 2 वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि क्षयरोगाची शंका असलेल्यांना तो देत नाहीत. या डोसने रोग होण्याची शक्यता कमी होते, पण ती शून्य होत नाही. म्हणून पुढची काही वर्षे घरातल्यांनी दरवर्षी तपासणी करून घ्यावी.

बधिरपणा आला असेल तर

बधिर हातापायाला आपली काळजी स्वतः घेता येत नाही, ती डोळ्यांनी घ्यावी लागते. रोज संध्याकाळी तळहात, तळपाय निरखून पाहावेत. फोड, काटा, भेग, लाली दिसली की इलाज करावा. हातपाय अर्धा तास साध्या पाण्यात भिजवून, ओलसर असतानाच खोबरेल तेल लावावे. चुलीवरचे भांडे कापडाने धरावे. अनवाणी चालू नये. बधिर पायांसाठी मऊ तळाची खास एमसीआर चप्पल सरकारी यंत्रणेकडून मोफत मिळते. बोटे वाकडी झाली असतील किंवा पाऊल लुळे पडले असेल तर अनेक रुग्णांवर शस्त्रक्रिया करून सुधारणा करता येते. त्यासाठी शासनाची मदतही आहे.

लपवण्याने नुकसान कुणाचे

पूर्वी या रोगावर औषध नव्हते. तेव्हा रुग्णाला गावाबाहेर काढले जाई. त्या काळात वर्धा जिल्ह्यातील दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी, अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी आणि 1949 मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभारून बाबा आमटे यांनी या माणसांना आधार दिला. सेवाग्रामला गांधीजी स्वतः परचुरे शास्त्रींची शुश्रूषा करत. म्हणूनच 30 जानेवारी, गांधीजींची पुण्यतिथी, देशात कुष्ठरोगविरोधी दिन म्हणून पाळली जाते आणि त्यानिमित्त ग्रामसभांमध्ये 'स्पर्श' अभियान होते.

आता औषध आहे, पण जुनी भीती गेलेली नाही. "मुलीचं लग्न जमणार नाही", "लोक विहिरीवर पाणी भरू देणार नाहीत" या धास्तीने डाग लपवला जातो. प्रत्यक्षात सुरुवातीला गोळ्या घेतलेला माणूस पुढे चारचौघांत ओळखूही येत नाही. लपवलेला रोग मात्र हातापायावर दिसू लागतो, तेव्हा तो सगळ्या गावाला दिसतो. लपवून जी गोष्ट टाळायची असते, ती लपवल्यानेच होते.

कायदाही बदलला आहे. रुग्णांना वेगळे ठेवणारा 1898 चा कायदा 2016 मध्ये रद्द झाला. कुष्ठरोगाच्या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूद 2019 मध्ये काढून टाकण्यात आली. रोग बरा झाला पण अपंगत्व राहिले, अशा व्यक्तींना 2016 च्या दिव्यांग कायद्यात स्थान आहे.

कुठे जायचे, काय सांगायचे

सर्वांत जवळची व्यक्ती म्हणजे गावातली आशाताई. ती चट्टा पाहून उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवते. थेट प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालयातही जाता येते. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत. नाव गुप्त ठेवले जाते. आशाताईला सांगायची लाज वाटत असेल तर दुसऱ्या गावच्या किंवा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जावे, पण जावे.

तिथे एवढेच सांगायचे: डाग किती दिवसांपासून आहे, वाढतोय का, खाजतो का, तिथे कळते का, हातापायाला मुंग्या किंवा अशक्तपणा आहे का, घरात पूर्वी कुणी या गोळ्या घेतल्या होत्या का. मेडिकलमधून आणलेले मलम लावून वाट पाहू नये. त्याने चट्टा जात नाही, फक्त महिने जातात.

थोडक्यात लक्षात ठेवा

- न दुखणारा, न खाजणारा, बधिर चट्टा म्हणजे तपासणी हवीच.
- चट्टा नसला तरी हातापायाचा बधिरपणा, निसटणारी चप्पल, न कळता भाजणे या धोक्याच्या खुणा आहेत.
- तेलकट त्वचा, जाड कानाच्या पाळ्या, विरळ भुवया यांना "तब्येत सुधारली" समजू नये.
- नस दुखली किंवा ताकद कमी झाली तर त्याच आठवड्यात दवाखाना. 6 महिन्यांच्या आत उपचार झाले तर हात-पाय वाचू शकतात.
- औषध 6 किंवा 12 महिने, मोफत, आणि मध्ये सोडायचे नाही.
- रुग्णाला घराबाहेर नाही, तर दवाखान्यापर्यंत न्यायचे.

येत्या रविवारी आंघोळीच्या वेळी घरातल्या म्हाताऱ्या माणसांची आणि पोरांची पाठ एकदा दिवसाच्या उजेडात पाहून घ्यावी. पाच मिनिटांचे काम आहे. डाग दिसला तर घाबरायचे नाही, आणि दुखत नाही म्हणून सोडूनही द्यायचे नाही.